तोंडाने काही देऊ नये

अनसाबाईंनी चमचा माझ्या हातात दिला आणि माझा हात पुढे गेला नाही. झालं ते एवढंच. आई नवारीच्या खाटेवर होती. अर्धांगाचा झटका येऊन बारा दिवस झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी आबांना, माझ्या वडिलांना, बाजूला घेऊन सांगितलं, आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या, आणि आदल्या संध्याकाळी आम्ही तिला दौंडला आणलं. आमच्या दोन खोल्यांत आळीतली वीसेक माणसं आवाज न करता मावली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. आईचा एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. शेजारच्या अनसाबाईंनी फुलपात्रात पाणी आणलं. त्या धनगरांच्या, आम्ही ख्रिस्ती, पण त्यांचा आणि आईचा तीस वर्षांचा शेजार. त्यांनी चमचा बुडवला आणि म्हणाल्या, "रोझे, घाल बाई. लेकीच्या हातचं जाऊ दे." मी चमचा घेतला, ओठांपासून चार बोटांवर नेला आणि म्हणाले, "नको. श्वासनळीत जाईल." आवाज माझाच होता, पण तो मी वॉर्डात वापरते तो आवाज होता. मग मी चमचा फुलपात्रात परत ठेवला आणि उशी सारखी केली. थोड्या वेळानं पुढचा श्वास आलाच नाही, तेव्हा अनसाबाईंनीच चमचा उचलून पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं उशीवर आलं. मी टॉवेलनं पुसलं. पुसायला माझा हात लगेच गेला.

त्याला आज सहा दिवस झाले. सहा दिवसांत आबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. चिडलेत असंही दिसत नाही. चिडले असते तर मला कळलं असतं, कारण आबांचा राग रेल्वेच्या वेळापत्रकासारखा ठरलेला असतो, येतो आणि जातो. हे वेगळं आहे. अंकिताला, माझ्या मुलीला, म्हणतात, "आईला सांग, चहा झालाय." मी समोरच उभी असते. अंकिता पाच वर्षांची, ती इमानानं माझ्याकडे येऊन सांगते. शनिवारी आम्ही निघणार. मी, अंकिता आणि माझा नवरा ख्रिस्तोफर. तिघांच्या पासपोर्टवर शिक्के बसलेत, ख्रिस्तोफरनं कुरकुंभच्या कंपनीचा राजीनामा दिलाय, आणि मला एवढंच हवंय की निघण्याआधी आबांनी माझ्याकडे बघून काहीतरी बोलावं. शिव्या दिल्या तरी चालतील. इंग्लंडमध्ये बसून मला कशाची आठवण काढता येईल, आणि कशाची काढता येणार नाही, ते त्यांच्या त्या एका बोलण्यावर ठरणार आहे.

ख्रिस्तोफर म्हणतो, तू बरोबर केलंस, मेडिकली. हल्ली तो असे शब्द वापरतो. जायचं नक्की झाल्यापासून तो चहालासुद्धा लव्हली म्हणतो. मी त्याला काय सांगणार? मेडिकली मी बरोबर नव्हते. बरोबर असते तर किती सोपं झालं असतं. गिळता न येणाऱ्या पेशंटला पाणी देऊ नये, ते फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो, हे खरंच आहे. पण न्यूमोनिया व्हायला दोन दिवस लागतात. आईकडे दहा मिनिटं होती. हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या श्वासांमधलं अंतर मी मनात मोजत होते, तो नर्सचा हिशेब आपोआप चालतो. त्या हिशेबाप्रमाणे दोन चमचे पाण्यानं तिचं काही बिघडणार नव्हतं. तरी माझा हात थांबला. तो डोक्याला विचारून थांबला नाही. त्याला तसं शिकवलं होतं. आणि ते शिकायला मी किती खस्ता खाल्ल्या, ते मला माहीत.

इंग्लंडला मी २००३ च्या जानेवारीत गेले. तिथं आपल्याकडच्या नर्सला आधी काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागायचं. त्याला ते अॅडाप्टेशन म्हणत. ते पास झालं की नोंदणी, नोंदणी झाली की नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा. अंकिता तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि फोनवर मला मावशी म्हणायला लागली होती, कारण आई म्हणजे घरातली आजी असा तिचा समज झाला होता. माझं काम होतं उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत. चाळीस म्हातारी माणसं, जाड गालिचे, चार बोटांपेक्षा जास्त न उघडणाऱ्या खिडक्या, आणि सगळीकडे उकडलेल्या कोबीचा वास. ससूनला मी सहा वर्षं काढलेली, एका वॉर्डात साठ पेशंट आणि दोन नर्सेस, त्यामुळे कामाची भीती नव्हती. भीती शांततेची होती. दौंडला जन्मलेल्या माणसाला शांतता माहीतच नसते. आमच्या घरामागून रूळ जातात, इंजिनं शंट होत असतात, झोपेतसुद्धा कोणती मालगाडी आणि कोणती एक्स्प्रेस ते कळतं. तिथं मी माझ्या खोलीत बसले की मला माझ्याच गिळण्याचा आवाज यायचा. रविवारी मी देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, गेले. मोठं दगडी देऊळ, आत अकरा माणसं. गीत सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण चाल आमचीच होती, शब्द तेवढे परके. उपासनेनंतर एका बाईंनी प्रेमानं विचारलं, तू ख्रिस्ती कधी झालीस? मी म्हटलं, माझ्या पणज्यापासून. त्यांना ते फार आवडलं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

मला सर्वांत जड गेलं ते नाव घेणं. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं जॉर्ज म्हणायचं. प्रत्येकाच्या फायलीत लिहिलेलं असायचं, यांना कशी हाक मारलेली आवडते, आणि जॉर्जच्या फायलीत जॉर्जच लिहिलं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी नाव टाळून बोलायचे, नाहीतर सर म्हणायचे. मॅनेजर बाई, मिसेस प्रायर, त्यांनी मला बोलावून समजावलं की सर म्हटल्यानं त्यांना परकं वाटतं. मी हो म्हटलं. मनात मी जॉर्जना आबा म्हणत होते. जॉर्ज डॉसन हे जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेले गृहस्थ. मोठे हात, उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं. गिळण्याची तपासणी झाली होती आणि त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी पाटी लावली होती, तोंडाने काही देऊ नये. पोटात नळी होती, त्यातून जेवण जायचं. ओठ ओले करायला गुलाबी स्पंज लावलेली काडी असायची, ती पाण्यात बुडवून, पिळून, फिरवायची. पिळून, हे महत्त्वाचं. मार्चमध्ये एका दुपारी मी ती काडी फिरवत होते आणि त्यांनी माझं मनगट धरलं. धड हातानं, खाटकाच्या हातानं. आणि बोलणं गेलेला तो माणूस स्पष्ट म्हणाला, पाणी. त्याचा मुलगा आठवड्यापूर्वी येऊन गेला होता, मुलगी कॅनडाला होती. रंग उतरलेला, नाक बारीक झालेलं. मला वाटलं, हा माणूस आज जाणार. आणि तहानलेला जाणार.

असं वाटणं मला आईनं शिकवलं होतं. आई शिरूरची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, पुढे तिथंच स्वयंपाकघरात कामाला होती. लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आली आणि काही वर्षांत अख्ख्या कॉलनीत कुणाचं शेवटचं आलं की प्रेमाबाईंना बोलावणं यायला लागलं. हिंदू असो, ख्रिस्ती असो. घरची माणसं रडून गोंधळलेली असायची, आई शांतपणे बसायची आणि पाणी घालायची. आमच्यात हे कुठल्या शास्त्रात नाही. आमच्या चर्चचे पाळक एकदा म्हणालेसुद्धा, प्रेमाबाई, हे आपल्यातलं नव्हे. आई म्हणाली, "तहान तर आपल्यातली हाय का न्हाई?" शुभ शुक्रवारी पाळक ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या तहानेवर आणि त्याला दिलेल्या आंबलेल्या द्राक्षारसावर बोलायचे, तेव्हा ती शेवटच्या बाकावर पदर डोळ्यांना लावून बसायची आणि घरी येऊन दर वर्षी तेच म्हणायची. "त्याला आंब दिली मेल्यांनी. आपल्यातली एक बाई तिथं पाह्यजे व्हती." जणू शिरूरच्या बोर्डिंगातली एखादी बाई तांब्या घेऊन तिथं पोचली असती तर पुढचं सगळं निराळं घडलं असतं. मी नऊ वर्षांची असताना शिरूरला आजी गेली. मिशनच्या आवारातली ती लांबट खोली, बाहेर चिंचा वाळत घातलेल्या. आईनं मला पुढे बसवलं, माझ्या हातात चमचा दिला आणि माझ्या हाताभोवती आपला हात धरला. "धार न्हाई सोडायची. थेंब. गालाच्या आतल्या बाजूनं. घाई न्हाई करायची, तिचं ती घेती." आजीनं घेतलं. मला आठवतंय, तिचा घसा हलला आणि आईनं माझा हात हलकेच दाबला. मला भीती वाटली नाही. मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

डॉसनना मी दोन चमचे पाणी दिलं. थेंब थेंब, गालाच्या आत. त्यांनी घेतलं. माझं मनगट सोडलं आणि डोळे मिटले. ते त्या दिवशी गेले नाहीत. मी अडाणी असते तर गप्प राहिले असते, पण मी शिकलेली, प्रामाणिक, मिशनच्या संस्कारातली नर्स, त्यामुळे मी जाऊन त्यांच्या तक्त्यावर लिहिलं, तीन वाजून दहा मिनिटं, दोन चमचे पाणी तोंडाने दिले. खाली सही केली. माझ्याबरोबर काम करणारी केरळची मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "पागल, दिया तो दिया, लिखा क्यों?" डॉसनना चौथ्या दिवशी ताप आला, सातव्या दिवशी हॉस्पिटलात नेलं आणि नवव्या दिवशी ते वारले. त्या दोन चमच्यांनी वारले का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, छाती आधीच वाईट होती. मिसेस प्रायर कधी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या हळू आवाजात, माझ्या हातावर हात ठेवून विचारायच्या, तुला पाटी वाचता आली नाही का? आली. मग दिलंस का? मी सांगून बघितलं. आमच्याकडे माणूस जाताना असं करतात, म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे त्या कागदात मला ते दिसलं, सांस्कृतिक श्रद्धेमुळे सूचनेचं उल्लंघन. माझी आई, तिचा हात, चिंचांचा वास, हे सगळं त्या चार शब्दांत बसवलं होतं. मला लाज वाटली. आईची लाज वाटली, हे मी आता सांगते, तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांचं अॅडाप्टेशन नऊ महिन्यांचं झालं. दर आठवड्याला माझी गिळण्याच्या नियमांवर तोंडी परीक्षा व्हायची. शेवटी मला एक निवेदन लिहायला सांगितलं, घडलेल्या प्रसंगातून मी काय शिकले यावर. मी ते चार वेळा लिहिलं. तिसऱ्यात अजून थोडी आई शिल्लक होती, ती मिसेस प्रायरनी परत केली. चौथ्यात मी लिहिलं की माझं वागणं धोक्याचं आणि अज्ञानाचं होतं, आणि यापुढे कोणत्याही परिस्थितीत मी असं करणार नाही. कोणत्याही परिस्थितीत. ते वाचून त्या पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. त्यानंतर माझ्या हातांखाली सहा माणसं गेली. सहाही वेळा मी पिळलेला स्पंज फिरवला. पहिल्या दोन वेळा काडी पिळताना हात रेंगाळला. नंतर नाही. तिसऱ्यानंतर मी सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायला लागले, तेही त्याच सुमारास जमलं. नोंदणीचं पत्र आलं त्या दिवशी मी दौंडला फोन केला. आईनं विचारलं, "मंग आता तू तिथली झालीस का?" मी हसत म्हटलं, "व्हय, झाले." ती म्हणाली, "बरं झालं बाई. लई तरास काढलास." हे दहा महिन्यांपूर्वीचं. सुट्टी घेऊन ख्रिस्तोफर आणि अंकिताला न्यायला मी गेल्या महिन्यात आले, आणि आठवड्यात तिला झटका आला.

तिला मातीला दिलं त्या दिवशी कबरस्तानात बायका माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभ्या होत्या. वाईट वागल्या नाहीत. अनसाबाईंनी तीन दिवस दोन्ही वेळचं जेवण आणलं, मला वाढलं, अंकिताला भरवलं. पण परवा मी त्यांना म्हणाले, मावशी, त्या दिवशी माझं, आणि त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "असू दे. तिकडची रीत येगळी आसती." त्यांना मला दोषातून सोडवायचं होतं. तिकडे माझ्या हाताला इकडची रीत म्हणाले होते.

आज दुपारी ख्रिस्तोफर अंकिताला घेऊन बॅगांची कुलपं आणायला बाजारात गेला. आबांनी ती खाट अंगणात काढली होती. पाळकांनी सुचवलं होतं, देऊन टाका कुणाला तरी, पण आबांनी नवार सोडली, धुतली, दोरीवर वाळवली, आणि आता लिंबाखाली बसून पुन्हा विणायला घेतली होती. आबा रेल्वेत चावीवाले होते. एकतीस वर्षं रोज हातोडा घेऊन रुळांवरून चालायचं, कुठली चावी ढिली झाली ते बघायचं, ठोकायची. नवार विणायला दोन माणसं लागतात, एकानं पट्टी ओवायची, दुसऱ्यानं समोरून ताणून धरायची. आईच धरायची. आबा एकटेच गुडघ्यानं पट्टी दाबून ओढत होते आणि ती सुटत होती. मी जाऊन समोर बसले आणि टोक हातात घेतलं. त्यांनी वर बघितलं नाही. नको म्हणाले नाहीत. आम्ही पाच-सहा पट्ट्या तशाच विणल्या. मग ते म्हणाले, "ताण." सहा दिवसांनी. मी ताणलं. माझे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, संपलं, आता बोलतील.

"रोझे," ते पट्टी ओवता ओवता म्हणाले, "तुला इचारायचं व्हतं. तिला तहान लागली व्हती का गं?"

मी याला तयार होते. हा प्रश्न मला तिथं किती नातेवाईकांनी विचारलाय. त्याचं उत्तर पाठ आहे, आवाजसुद्धा ठरलेला आहे. मी म्हटलं, "न्हाई आबा. त्या वक्ताला शरीर पाणी मागत न्हाई. ओठ सुकतात, पण आतून तहान नसती. तिला काही कळतच नव्हतं."

त्यांनी मान हलवली. पट्टी ओवली, गाठ मारली, अंगठ्यानं दाबून बघितली. "मी डोक्याशी बसलो व्हतो," ते म्हणाले. "तू चमचा आणलास तवा तिनं तोंड उघडलं."

दोरीवर आईचं एक लुगडं अजून वाळत होतं. मागून मालगाडी गेली, लांब होती. मला खोटं बोलता आलं असतं. अशा वेळी जबडा सैल पडतो, तोंड आपोआप उघडतं, हे सांगता आलं असतं आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही असतं. पण तिनं चमच्याकडे बघितलं होतं. आधी चमच्याकडे, मग माझ्याकडे, आणि ओळखीचं काही समोर आल्यावर उघडावं तसं तोंड उघडलं होतं. मी ते बघितलं आणि मग चमचा खाली ठेवला. सहा दिवस मी याच्याभोवती फिरत होते आणि इथवर येत नव्हते.

"व्हय आबा," मी म्हटलं. "उघडलं व्हतं."

"मंग?"

"माझा हात गेला न्हाई."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला हवं होतं तसं, सरळ माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लांबच्या गावाला जाणाऱ्या पाहुण्याची चौकशी करावी, इतक्या मऊ आवाजात ते म्हणाले, "माझं कवा काय झालं तर तू येऊ नको, बाई. लई लांबचा पल्ला. इथं अनसाबाई हाय."

मी "बरं आबा" म्हणाले. पट्टी माझ्या हातात होती, ती मी ताणून धरली, आणि त्यांनी पुढची ओवायला घेतली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.